तुंगथिंगची माहेरवाशीण

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "ड्रॅगन म्हणजे तोंडातून आग ओकणारा ना रे?" गाडीची वेळ झाली होती, उत्तर राहून गेलं. ते सांगायलाच हे पत्र.

चीनचा ड्रॅगन, त्यांच्या भाषेत 'लुंग', पाण्यातला. नदी, सरोवर, विहीर, समुद्र, सगळीकडे त्याचं राज्य आणि पाऊस त्याच्या हातात. अवर्षण पडलं की लोक त्याच्या देवळात जाऊन साकडं घालत. काही गावांत तर त्याची मूर्तीच बाहेर आणून भर उन्हात ठेवत, त्यालाही चटका कळावा म्हणून!

पण मला खरी ओढ लावली ती चीनच्या तांग राजवटीतल्या (सातवं ते दहावं शतक) ली छाओवेई या लेखकाच्या गोष्टीने. लिउ यी नावाचा तरुण परीक्षेत नापास होऊन गावी निघालाय. वाटेत चिंग नदीच्या भागात एक बाई मेंढ्या राखताना दिसते, चेहरा पार उतरलेला. ती तुंगथिंग सरोवराच्या ड्रॅगन राजाची लेक, चिंग नदीच्या राजघराण्यात दिलेली. नवरा बाहेरख्याली, सासूसासरे त्याच्याच बाजूचे. अगदी आपल्या ओव्यांमधला सासुरवास! माहेरी चिठ्ठी पोचवाल का, असं ती विचारते. तो हो म्हणतो आणि सहज विचारतो, या मेंढ्या कशाला? ती सांगते, मेंढ्या नव्हेत, हे पावसाचे गडी, विजेच्या जातीचे. इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

सरोवराकाठच्या संत्र्याच्या झाडावर तीनदा ठोकायचं, की पाण्यातून माणूस वर येतो. चिठ्ठी वाचून बाप रडतो. पण राण्यांना बजावतो, मोठ्याने रडू नका, धाकट्या भावाच्या कानावर जाईल. हा धाकटा म्हणजे छ्येनथांग नदीचा माजी अधिपती, रागीट म्हणून साखळदंडाने बांधून ठेवलेला. त्या नदीत भरतीची प्रचंड लाट समुद्रातून उलटी आत शिरते, अजूनही. तिचाच स्वभाव कथाकाराने काकाला दिला असावा. साखळ्या तोडून तो जातो आणि पुतणीला घेऊन येतो. मग दोघा भावांचं बोलणं ('ली' हे त्यांचं अंतराचं माप):

"किती मारलेस?"
"सहा लाख."
"पिकांचं नुकसान?"
"८०० ली."
"आणि तो निर्दय जावई?"
"खाल्ला."

लेक घरी आली त्या घटकेलाही थोरला भाऊ पिकांची चौकशी करतो, सुधीर. पाण्याच्या राजाने हेच विचारायला हवं ना?

आणखी एक. बौद्ध ग्रंथ चिनीत गेले तेव्हा आपल्या 'नागा'साठी अनुवादकांनी 'लुंग' हाच शब्द घेतला. नागराज झाला 'लुंगवांग'. म्हणजे आपलं आणि त्यांचं नातं जुनं आहे.

दिवाळीत आलास की अजिंठ्याला जाऊ. १९ नंबरच्या लेण्याबाहेर नागराज राणीला घेऊन बसलाय, डोक्यावर सात फणे. त्या मुलीचं पुढे कुणाशी लग्न झालं, ते तिथेच सांगेन.

तुझा,
अवि