माँटगोमेरी आणि रताळ्याचा पाय

अटलांटा, २० फेब्रुवारी

प्रिय सुमे,

सप्रेम नमस्कार.

इथल्या शाळांत ब्लॅक हिस्ट्री मंथमध्ये, म्हणजे फेब्रुवारीतल्या काळ्यांच्या इतिहासाच्या महिन्यात, नेमकं काय करतात, असं विचारलंयस. खरं सांगू? बरंचसं आपल्या जयंत्यांसारखंच. भिंतीवर डॉ. मार्टिन ल्यूथर किंग, रोझा पार्क्स, गुलामांना पळून जायला मदत करणारी हॅरिएट टबमन, रंगवायला चित्रं, मार्च लागला की सगळं कपाटात. इतिहासकार कार्टर वुडसननी १९२६ मध्ये हे सुरू केलं तेव्हा तो आठवडाच होता, महिना १९७६ ला झाला. वुडसन तरुणपणी कोळशाच्या खाणीत राबले आणि पुढे हार्वर्डचे पीएच.डी. झाले. वर्षभर हा इतिहास शिकवावा आणि त्या आठवड्यात त्याची उजळणी व्हावी, असं त्यांचं म्हणणं. वर्षभराचं तेवढं आम्ही सोयीने विसरलो!

म्हणून यंदा मी चौथीच्या पोरांबरोबर एकच प्रकरण धरलं, अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात काळ्यांनी बसवर टाकलेला बहिष्कार. १ डिसेंबर १९५५ ला रोझाबाई बसमध्ये गोऱ्याला जागा द्यायला उठल्या नाहीत, हे त्यांना पाठ. पण त्याआधी नऊ महिने क्लॉडेट कोल्व्हिन नावाची १५ वर्षांची शाळकरी मुलगीही तशीच बसून राहिली होती आणि पोलिसांनी तिला धरून नेलं होतं, हे एकालाही ठाऊक नव्हतं. बसमधला भेदभाव ज्या खटल्याने बंद झाला त्यातल्या चार फिर्यादींत क्लॉडेट आहे, रोझाबाई नाहीत. पोरं खवळलीच. "मग तिचं चित्र का नाही लावलं?" पुढाऱ्यांना ती फार लहान आणि तापट वाटली, हे मी सरळ सांगून टाकलं. चळवळीतली माणसंही माणसंच, हे चौथीत कळलं तर काय बिघडलं?

बहिष्कार ३८१ दिवस चालला. एकाने विचारलं, तेवढे दिवस लोक कामाला कसे गेले? पायी, आणि एकमेकांच्या गाड्यांतून. मग पेट्रोलला पैसे? इथे मला माझी आवडती जॉर्जिया गिलमोर सांगता आली. ही स्वयंपाकीण. तिने बायका जमवून कोंबडीची जेवणं, केक, पाय (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ) करून विकले आणि पैसे चळवळीला दिले. बऱ्याच जणी गोऱ्यांच्या घरी कामाला, नाव फुटलं तर नोकरी जायची. म्हणून गटाचं नावच ठेवलं 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'. पैसे कुठून आले? कुठूनच नाही! तिने स्वतः मात्र कोर्टात उघड साक्ष दिली आणि कामावरून गेली. मग किंग यांच्या मदतीने घरीच खानावळ थाटली. पुढे तिच्या टेबलाशी काळे-गोरे शेजारी बसून जेवायचे.

रविवारी घरी पोरांना घेऊन रताळ्याचा पाय केला. उकडलेली रताळी, दूध, अंडी, साखर, जायफळ. कडा जरा करपल्या, पण खाल्ला सगळ्यांनी. धाकटीला कथेपेक्षा हिशेबात रस, एक पाय विकून किती पेट्रोल यायचं म्हणे.

तू सातवीला फुले शिकवतेसच. 'गुलामगिरी'ची १८७३ ची अर्पणपत्रिका वर्गात वाचून दाखव ना, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना जोतीरावांनी पुस्तक अर्पण केलंय ती. तुझी पोरं काय विचारतात ते मला कळव, माझ्या वर्गाला सांगायचंय.

काकूंना नमस्कार.

तुझी,
वसू