भिडू चिठ्ठीने ठरवू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आमच्या भागातल्या एका ब्रिज स्पर्धेत यंदा जोड्यांच्या गटातले भिडू चिठ्ठ्या टाकून ठरवले गेले. दरवर्षी त्याच जोड्या जिंकतात, नव्यांना संधी मिळावी, असे कारण सांगण्यात आले. हेतू चांगलाच आहे, पण निर्णय चुकला. मी ३१ वर्षे स्पर्धा खेळतो आहे, त्यातली २४ एकाच भिडूबरोबर, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करतो.

ज्यांना ब्रिज म्हणजे सुट्टीतला पत्त्यांचा डाव वाटतो, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. स्पर्धेत तेच वाटप टेबलाटेबलांवर फिरते. उत्तर-दक्षिण, म्हणजे समोरासमोर, बसलेल्या प्रत्येक जोडीला तेच २६ पत्ते मिळतात, त्यामुळे पाने चांगली आली की वाईट याला अर्थ उरत नाही. दोघांनी मिळून त्यांचे काय केले, एवढेच मोजले जाते. बोली म्हणजे कोणत्या हुकुमाने, किंवा बिनहुकुमी, सहाच्या वर किती हात करू याचा दावा. अशा बोल्या सगळ्या मिळून ३५, वर पास, समोरच्यांच्या बोलीवरचे गुण वाढवणारा डबल आणि त्याला उत्तर म्हणून रीडबल. एवढ्यात आपले तेरा पत्ते भिडूला कळवायचे, तेही न बोलता, बोलीचे कार्ड समोर ठेवून. मोठ्या स्पर्धांत तर टेबलावर पडदा असतो, भिडूचा चेहरासुद्धा दिसत नाही. जुन्या जोड्या खाणाखुणा करतात असे कोणी म्हटले की म्हणूनच मनाला लागते. आमचे संकेत कार्डावर लिहिलेले असतात आणि प्रतिस्पर्ध्याने विचारले तर ते सांगावेच लागतात.

यंदाचाच एक डाव. डावीकडून एक इस्पिक, माझ्या नव्या भिडूचा पास, उजवीकडून दोन इस्पिक. मी डबल दिला. माझ्याकडे इस्पिकचे एकच पान होते आणि बाकीचे तिन्ही रंग भरलेले. ‘तुझा लांब रंग बोल’ एवढाच माझा अर्थ. त्याच्या नेहमीच्या भिडूशी मात्र असा डबल दंडाचा, म्हणजे ‘समोरचे हरतील, तू पास दे’ असा, ठरलेला. त्याने पास दिला. समोरच्यांनी बोलीला लागणारे बरोबर आठ हात केले आणि ६७० गुण नेले. इतर टेबलांवर आमच्या बाजूचे लोक तीन चौकट खेळून ११० मिळवत होते. आम्हा दोघांपैकी चुकले कोणीच नव्हते. माझ्या जुन्या भिडूशी हाच डबल पक्का करायला दोन पावसाळे गेले होते. दादरहून परतताना लोकलच्या दारात उभे राहून आम्ही डाव पुन्हा मांडायचो, कधी भांडायचो, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा समोरासमोर बसायचो. ते सगळे एका चिठ्ठीत कसे मावेल?

२०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी ब्रिजमधले पुरुष जोडीचे सुवर्ण जिंकले. तेव्हा बर्धन ६० वर्षांचे आणि सरकार ५६ वर्षांचे, याचेच कौतुक अधिक झाले. वीसहून अधिक वर्षे ते एकत्र खेळत होते, ही माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट. पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाने रौप्य मिळवले. तो संघही सहा जणांचा, म्हणजे मुळात तीन जोड्यांचाच.

दर फेरीला भिडू बदलणारा ‘इंडिव्हिज्युअल’ हा प्रकार सर्वमान्य आहे आणि मलाही आवडतो. तो वेगळ्या दिवशी जरूर ठेवावा. पण जोड्यांचा चषक जोड्यांकडेच राहू द्यावा. नवख्यांसाठी खरोखर काही करायचे असेल, तर एकेका अनुभवी खेळाडूने वर्षभर एकेका नवख्याचा भिडू व्हावे. मी माझे नाव आजच देतो.

आपणांसही एक विनंती. ब्रिजचा निकाल छापताना कृपया दोघांची नावे छापावीत. जागेअभावी पुष्कळदा दुसरे नाव गळते.

आपला,
एक ज्येष्ठ ब्रिज खेळाडू, डोंबिवली