कोरडं, पण अपुरं नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आरोग्य पुरवणीतला प्रोस्टेटवरचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीवरचा, लेख वाचला. लघवीची धार, रात्रीचं उठणं, पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी, शस्त्रक्रिया, सगळं आलं. कामसुखाबद्दल मात्र एक ओळ नाही. माझं वय 61. पत्र छापलंत तर नाव गाळा.

दोन वर्षांपूर्वी मला टॅम्सुलोसिन ही वाढलेल्या प्रोस्टेटवरची गोळी सुरू झाली. आठवड्याभरात लघवी मोकळी झाली आणि वीर्य बंद. सुखाचा क्षण यायचा, पण कोरडा. मी हादरलो. बायकोलाही काही न बोलता चार रात्री पाठ फिरवून झोपलो. गोळी लिहून देणाऱ्यांनी आधी चकार शब्द काढला नव्हता, नंतर विचारलं तर म्हणाले, "हो, होतं तसं."

उलगडा केला तो दुसऱ्या एका डॉक्टर बाईंनी. वीर्य पुढे ढकलणारे स्नायू या गोळीने सैलावतात. स्खलन ही मज्जारज्जूतून चालणारी क्रिया, तर सुखाची जाणीव मेंदूत. एरवी दोन्ही एकदमच घडतात, म्हणून आपण त्यांना एकच समजतो. न आलेलं वीर्य साठूनही राहत नाही. जुने शुक्राणू शरीरातच जिरतात. (त्यामुळे अंगात जास्तीचं बळ येतं म्हणणाऱ्या मित्रांना माझा दंडवत.)

मग कळलं, माझं जे गोळीने झालं ते काही जण मुद्दाम शिकतात, प्रोस्टेटच्या स्पर्शातून. अक्रोडाएवढी ही ग्रंथी गुदाशयाच्या पुढच्या भिंतीतून बोटाला लागते. आम्ही दोघांनी करून पाहिलं. नखं कापलेली, हातमोजा, भरपूर वंगण. पहिल्या पाच-सहा वेळा नुसती लघवी लागल्यासारखं वाटलं, कारण मूत्राशय अगदी वरच आहे. मी श्वास रोखून, दात आवळून वाट बघत बसायचो. शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, परीक्षेला बसलात की काय?" त्या हसण्यात अंग सैल पडलं. पुढे ओटीपोटाखालचे स्नायू हळूच आवळायचे, सोडायचे, आणि सोडण्यावर जास्त भर द्यायचा, हे जमत गेलं. तीनेक महिन्यांनी आलं ते वेगळंच होतं: खोलवरून, लाटेसारखं, एकामागून एक, आणि थेंबही नाही.

प्रत्येकाला जमेलच असं नाही. ऐनवेळी लिंगाच्या मुळाशी दाबून वीर्य अडवणं म्हणजे हे नव्हे. त्याने ते उलटं मूत्राशयात जाऊ शकतं. प्रोस्टेटला जंतुसंसर्ग असेल तर हात लावू नये, जंतू रक्तात पसरू शकतात. मूळव्याध, फिशर (गुदद्वाराला पडलेली चीर) किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. घरातली हाताला लागेल ती वस्तू तर मुळीच नको. आत सरकली की थेट इस्पितळ. आणि पीएसएच्या तपासणीआधी आठवडाभर हे सगळं बंद, नाहीतर आकडा फुगू शकतो.

पुढच्या लेखात टॅम्सुलोसिनचं नाव द्याल, तेव्हा "वीर्य कमी होऊ शकतं किंवा येणारही नाही, पण सुख सहसा जात नाही" एवढं शेजारी छापाल का? मला ते त्या चार रात्रींच्या आधी वाचायला हवं होतं.

आपला,
एक वाचक