लांगझोंगला निघण्यापूर्वी

चि. सई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मानसीला घेऊन चीनच्या सिचुआन प्रांतातल्या लांगझोंग या जुन्या गावाला जायचं ठरवलंस, हे फार चांगलं केलंस. फक्त सकाळी जाऊन रात्री परतायचा बेत रद्द कर. दोन रात्री राहा. दहा वाजल्यापासून संध्याकाळपर्यंत तिथं सहलीच्या बसमधून उतरलेली माणसं आणि दुकानांतले ध्वनिक्षेपक असतात. गाव गावासारखं दिसतं ते सकाळी साडेसहा ते नऊ या वेळात. दारं उघडत असतात, वाफेच्या टोपल्या चुलीवर चढत असतात, म्हातारी माणसं नदीकाठी चालत असतात. त्या वेळी तुम्ही तिथंच असायला हवं. शनिवार-रविवार सोडून मंगळवार ते गुरुवार जा. महिना उत्तम निवडलास, कारण सिचुआनमधला सप्टेंबर-ऑक्टोबरचा लांबलेला पाऊस तोवर संपतो आणि १ ऑक्टोबरच्या मोठ्या सुट्टीची झुंबडही नसते.

तुझ्या चोंगछिंगमधल्या उत्तर स्थानकावरून गाडीनं दोनेक तास लागतात. या स्थानकाला उत्तर चौक आणि दक्षिण चौक अशा दोन बाजू आहेत, आणि त्या दोन वेगळी स्थानकं समजूनच वागायचं. चुकीच्या बाजूला पोचलात तर मेट्रोच्या १० नंबरच्या मार्गानं पलीकडे जायचं, पुन्हा सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभं राहायचं, आणि तोवर गाडी गेलेली असते. तेव्हा कोणत्या चौकातून आत जायचं ते आदल्या रात्रीच बघून ठेव. तिकिटं साधारण १५ दिवस आधी खुली होतात. परतीचं तिकीट आधी काढ, जायचं नंतर. जायच्या गाडीत जागा मिळून जाते, अडकायला होतं ते येताना.

मानसीचं नाव तिकिटावर पासपोर्टवर आहे तसंच हवं, आडनाव-नावाचा क्रमसुद्धा. वेगळं कागदी तिकीट नसतं, पासपोर्ट हेच तिकीट, म्हणून तो मूळचाच बरोबर हवा, फोनमधला फोटो चालत नाही. स्वयंचलित फाटकं चिनी ओळखपत्रासाठी आहेत. पासपोर्ट तिथं बरेचदा वाचला जात नाही, म्हणून रांगेच्या कडेला कर्मचारी उभा असतो त्याच फाटकाकडे सरळ जा. गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं आणि मग कुणी उघडत नाही. तपासणीत चाकू काढून घेतात, आणि केसांना मारायचे १५० मिलिलिटरपेक्षा मोठे फवारेही. पॉवर बँकवरचे आकडे पुसट झाले असतील तर तीही जाते, म्हणून मानसीला नवी, ठळक छापलेली आणायला सांग.

पैशांचं सगळं तिनं पुण्यातूनच करून यावं. आपल्याकडच्या नव्या कार्डांवर परदेशातले व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या अॅपमध्ये जाऊन ते चालू करायचे, मगच कार्ड अलीपे या फोनवरून पैसे द्यायच्या चिनी अॅपला जोडायचं. रुपे कार्ड जोडत बसू नये, व्हिसा किंवा मास्टरकार्ड घ्यावं. ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, म्हणून ते सिम रोमिंगसह चालू हवं. रोमिंगचा डेटा भारतीय कंपनीमार्फत फिरून येत असल्यानं त्यावर व्हॉट्सअॅपही चालतं, हॉटेलच्या वायफायवर चालत नाही. बाहेरच्या कार्डावरून २०० युआनपर्यंतच्या एका खरेदीला जादा आकार नाही, त्यावर ३ टक्के लागतो. मोठी रक्कम असेल तर तू भर आणि तिच्याकडून नंतर घे. दोनेकशे युआन सुट्ट्या नोटांत असू देत. नकाशा चिनी अॅपमधलाच वापरा. तिथले अधिकृत नकाशे ठरवून सरकवलेल्या निर्देशांकांवर बसवलेले असतात, त्यामुळे गूगलवर तुमचा ठिपका काहीशे मीटर बाजूला, कधी चक्क नदीत दिसतो.

राहायला जुन्या लाकडी वाड्यातली खोली घ्या, पण आरक्षणाआधी स्वतः फोन करून विचार, की परदेशी पासपोर्टची पोलीस नोंदणी तुम्हाला करता येते का. नियमानं परदेशी पाहुणा नाकारता येत नाही. छोट्या घरगुती लॉजवाल्यांना मात्र नोंदणी कशी करायची तेच ठाऊक नसतं आणि रात्री नऊ वाजता दुसरी जागा शोधावी लागते. खोली रस्त्याकडची नको, आतल्या चौकाकडची माग. भिंती फळ्यांच्या असतात, शेजारचा खोकलाही ऐकू येतो. चीनच्या दक्षिण भागात घरं मध्यवर्ती उष्णतेनं तापवत नाहीत. हवा दिवसा १२-१५ अंशांवर असली तरी नदीमुळे दमट असते, आणि तो गारठा लाकडातून आत येतो. गरम हवा देणारा एसी आणि विजेची चादर, दोन्ही आहेत ना, विचारून घे. चादर झोपण्याआधी अर्धा तास लावायची, झोपताना बंद करायची. लाकडी घर आहे, डासांची कॉइल किंवा मेणबत्ती खोलीत पेटवू नका.

लांगझोंगचं स्थानक जुन्या गावापासून लांब आहे, टॅक्सी करा. टॅक्सी गावाच्या कडेला सोडते, आतल्या गल्ल्यांत गाड्या नाहीत. फरशी दगडी आणि जुनी, सांध्यांत बॅगेची चाकं अडकून तुटतात. पाठीवरची सॅक घ्या.

आता गावाची रचना समजून घे, म्हणजे नकाशा खिशातच राहील. जियालिंग नदी गावाला तीन बाजूंनी वळसा घालते आणि चहूकडे डोंगर आहेत. वास्तू बघणाऱ्या चिनी पंडितांना ही जागा फार आदर्श वाटत आली. मधोमध झोंगत्येन मनोरा आहे, तो अलीकडे पुन्हा बांधलेला. मुख्य रस्ते तिथून चार दिशांना जातात. नदीजवळचा हुआग्वांग मनोरा खरा जुना. तांग काळापासून तिथं मनोरा होता, आगीत गेला, आणि आज उभा आहे तो १८६७ चा. एकाच मनोऱ्यावर चढायचं असेल तर यावर चढा. काळ्या कौलांचा समुद्र आणि नदीचं वळण एकाच नजरेत येतं. गाव नदीपलीकडून बघायचं तर दक्षिणेच्या जिनपिंग टेकडीवर जा. तिथून तोंड उत्तरेला असल्यानं ऊन पाठीशी राहतं. मात्र नोव्हेंबरात नदीवर धुकं असतं, ते उतरायला दहा-अकरा वाजतात, म्हणून टेकडीवर दुपारी जा, पहाटे जाऊन धुक्याची भिंत बघत बसू नका.

नदी संथ दिसते म्हणून फसू नका. वर त्सांगशीजवळ थिंगझखोचं मोठं धरण आहे, खालच्या बाजूलाही बंधारे आहेत, त्यामुळे गावापाशी पाणी पसरट आणि स्थिर असतं. धरणातून पाणी सोडलं की पातळी बदलते. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, फोटोसाठी तिथं उतरायचं नाही, आणि भोंगा ऐकू आला तर लगेच वर यायचं. हीच नदी पुढे चोंगछिंगला चाओथ्येनमेनच्या धक्क्याशी यांगत्सेला मिळते. तू दर आठवड्याला बघतेस ते पाणी या गावावरून आलेलं असतं. मानसीला आधी तो संगम दाखव, मग गावाला ने.

गल्ल्या फिरायला पैसे पडत नाहीत, वास्तूंना तिकीट आहे. सगळ्यांचं मिळून एक एकत्र तिकीट मिळतं. तीनपेक्षा जास्त ठिकाणं बघायची असतील तरच ते परवडतं. तुझं विद्यार्थी ओळखपत्र विसरू नकोस.

झांग फेईचं मंदिर बघाच. तीन राज्यांच्या काळातला हा सेनापती बरीच वर्षं इथं तळ देऊन होता. इ.स. २२१ मध्ये पूर्वेकडच्या वू राज्यावर स्वारीची तयारी चालू असताना त्याच्याच दोन हाताखालच्यांनी त्याला मारलं आणि त्याचं शिर घेऊन ते शत्रूकडे पळाले. धड इथं पुरलं, मंदिराच्या मागचा झाडांनी भरलेला मातीचा उंचवटा ती समाधी. बहुतेक लोक पुढच्या दालनातल्या रंगीत मूर्ती बघून परततात. तुम्ही मागपर्यंत जा.

गोंगयुएन म्हणजे सरकारी अधिकारी निवडायच्या जुन्या परीक्षांची जागा. छिंग राजवटीच्या सुरुवातीला, सतराव्या शतकात, युद्धानं छंगडू उद्ध्वस्त झालं होतं, म्हणून सिचुआन प्रांताचा कारभार काही वर्षं इथून चालला आणि प्रांतिक परीक्षाही इथंच झाल्या. परीक्षार्थींच्या कोनाड्यात दोन फळ्या असतात. दिवसा एक बसायला आणि एक लिहायला, रात्री दोन्ही एका पातळीवर आणून त्यावर झोपायचं. तीन-तीन दिवसांच्या तीन फेऱ्या अशाच काढायच्या. तुझ्या परीक्षांच्या दिवसांत तुला हे जास्त कळेल.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो लुओशिया होंग. तो याच गावचा. हान राजवटीतल्या सम्राट वू यानं बोलावल्यावर राजधानीत गेला आणि इ.स.पू. १०४ च्या थाइछू पंचांगाच्या कामात त्याचा मोठा वाटा होता. त्याआधी वर्ष दहाव्या महिन्यापासून धरत. या पंचांगानं ते पहिल्या महिन्यापासून धरलं, म्हणून वसंतोत्सवाचं, म्हणजे चिनी नववर्षाचं, मूळ गाव असा मान लांगझोंग सांगतं. त्याच पंचांगात अधिक मासाचा पक्का नियम आला. सूर्याच्या वर्षाचे २४ भाग, त्यातले एकाआड एक १२ मुख्य. ज्या चांद्रमासात या बारांपैकी एकही पडत नाही तो अधिक. आपला नियमही हाच ना, ज्या चांद्रमासात संक्रांत नाही तो अधिक मास! महिनाही त्यांचा आपल्या महाराष्ट्रातल्यासारखाच अमावस्येपाशी बदलतो, उत्तर भारतातल्यासारखा पौर्णिमेला नाही. फरक इतकाच, की त्यांचं गणित सायन, म्हणजे ऋतूंवर बेतलेलं, आणि आपलं निरयन, म्हणजे ताऱ्यांवर बेतलेलं, म्हणून अधिक महिने वेगळे पडतात. २०२३ मध्ये त्यांचा दुसरा महिना अधिक होता, तो २२ मार्चला, आपल्या पाडव्याच्या दिवशीच सुरू झाला. आपला अधिक श्रावण आला १८ जुलैला. आजोबांना फोनवर हे सांग, त्यांना फार आवडेल.

आता जेवण. गावाची ख्याती गोमांसाची आहे, दुकानादुकानांत झांग फेईच्या नावानं वरून काळं, आतून लाल असं ते टांगलेलं असतं. तुम्ही दोघी शाकाहारी, पण उपाशी राहायची वेळ येणार नाही, फक्त नीट बोलावं लागेल. नुसतं ‘पू याओ रौ’, मांस नको, म्हटलं की मांसाचे तुकडे टाळतात. खिमा, हाडांचं पाणी आणि डुकराची चरबी तशीच राहते. म्हणून आधी ‘वो छ्र सू’, मी शाकाहारी आहे, आणि लगेच ‘पू याओ झू-यौ’, डुकराची चरबी नको, असं सांगायचं. टोफूच्या तिखट रश्श्यात आणि परतलेल्या फरसबीत बहुतेक वेळा खिमा असतो, तो टाळून करायला सांगा. भरवशाचे पदार्थ म्हणजे व्हिनेगरमधला बटाट्याचा आंबट-तिखट कीस, परतलेला कोबी, आणि चालत असेल तर टोमॅटो-अंडं. बाजारात वाटाण्याच्या पिठाच्या थंड वड्या मिळतात, वर लसूण, मिरचीचं तेल आणि व्हिनेगर. भाजलेल्या जाड रोटीच्या पोटात हीच भरून देतात, ती घ्या. सकाळी साखरेचे वाफवलेले पाव गरम असतानाच खा. हुई मुसलमानांच्या खानावळींत डुकराची चरबी वापरत नाहीत. गोमांस असतंच, तरीही भाजी तिथंच मागितलेली बरी, मात्र वेगळ्या कढईत करायला सांगा.

या हुई लोकांचंच बाबा मंदिर गावाच्या ईशान्येला, टेकडीच्या पायथ्याशी आहे. १६८९ मध्ये इथं वारलेल्या कादिरी पंथाच्या सूफी ख्वाजाची ती कबर. विटांवरचं कोरीवकाम बारकाईनं बघण्यासारखं आहे. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, आत मोठ्यानं बोलायचं नाही, आणि प्रार्थना करणाऱ्यांचे फोटो नकोत.

दुसऱ्या दिवशीची दुपार नदीकाठच्या चहाच्या दुकानासाठी मोकळी ठेव. झाकणाच्या वाटीतला चहा एकदा घेतला की गरम पाणी पुन्हा पुन्हा भरून देतात, तासन्‌तास बसलं तरी कुणी उठवत नाही. झाकण काढून ठेवायचं नाही, जरा तिरकं करून त्यानंच पानं मागे सारायची आणि फटीतून प्यायचं. वाटी भाजते, म्हणून खालच्या बशीसकट उचल.

येताना इथलं बाओनिंग व्हिनेगर आण. ते गव्हाच्या कोंड्यापासून करतात, आंबवणात वनौषधी असतात, रंग काळसर, चव नुसती आंबट नाही, मागे गोडसर. काचेची बाटली गाडीत फुटते, प्लास्टिकची सीलबंद घे. झाकणावर टेप लावून पिशवीत गुंडाळ. मानसीनं विमानात ती हातातल्या बॅगेत ठेवू नये, १०० मिलिलिटरवरची काढून घेतात, तपासून द्यायच्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवावी. पाय बुडवायला विकतात ते व्हिनेगर वेगळं असतं, लेबल बघून खायचंच घे.

पोचल्यावर हॉटेलचा पत्ता चिनी अक्षरांतला फोटो काढून मला पाठव.

तुझी,
आई