दार कुठे आहे?

मिरज, रविवार

प्रिय मुक्ता,

अनेक आशीर्वाद. सुखरूप पोचलो. लोणच्याची बरणी तुझ्याकडेच राहिली, हे लिहा म्हणून आईने दोनदा बजावलंय.

म्युझियममधला विषय परत काढणार नव्हतो. पण तू घेऊन दिलेलं कार्ड टेबलाच्या काचेखाली ठेवलंय, नजर तिकडेच जाते. अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपरचं 'नाइटहॉक्स', रात्रीच्या हॉटेलात काचेआड बसलेली ती माणसं. आयुष्यभर पुस्तकात काडेपेटीएवढं पाहिलेलं, समोर आलं तर पाच फूट रुंद! फुटपाथवर सांडलेला तो हिरवट उजेड कुठल्या छपाईत आला नव्हता गं. तू ऑफिसचा फोन घेत होतीस, तेव्हा मी पाठमोऱ्या माणसाकडेच बघत होतो. एकटा. शेजारच्या जोडीचे हात जवळजवळ आहेत, पण लागलेले नाहीत.

मी विचारलं, दार कुठंय? तू दाखवलंस, पांढऱ्या कपड्यातल्या पोऱ्याच्या मागे. अगं, ते आत स्वयंपाकघरात जातं. रस्त्यावर यायचं दार हॉपरने दाखवलेलंच नाही. मग मी तुझ्या जेवणाच्या वेळांवर घसरलो आणि तू म्हणालीस, "बाबा, चित्र बघा."

चित्रच बघत होतो.

रात्री साडेदहाला ओट्याशी उभं राहून दुधात ते कसले पोहे खायचे, याला जेवण म्हणत नाहीत. माणसाने बसून, कुणाशी तरी बोलत... लग्नाचं म्हणत नाहीये मी. हे चित्र 1942 च्या जानेवारीतलं, पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याला जेमतेम दीड महिना झालेला. लाल कपड्यातल्या बाईसाठी हॉपरची बायको जोसेफिन हीच मॉडेल होती. म्हणजे एवढं सुनं चित्र काढतानाही घरात दोन माणसं होती.

बघ, आलोच परत तिथे. ड्रॉइंग मास्तरची खोड, माफ कर. त्या अवाढव्य शहरात आम्हाला हात धरून फिरवलंस, मी मागून चालताना किती फुगलो होतो, ते सांगायचं राहून गेलं.

तू चौथीत असताना घर काढलंस आणि दारच विसरलीस. मी ओरडलो. तू म्हणालीस, "सगळे आतच आहेत ना."

तुझे साडेदहा म्हणजे सध्या आमचे सकाळचे नऊ. आम्ही तेव्हा खायलाच बसलेलो असतो. फोन लावून समोर ठेवत जा. बोलली नाहीस तरी चालेल.

तुझे,
बाबा