पिशव्या पुसल्या, खिडक्या बंदच

महोदय,
कोरोनात आमच्या गल्लीत भाजीच्या पिशव्याही सॅनिटायझरने पुसायचे, अन् पत्त्यांचा डाव दार-खिडक्या लावून रंगायचा! हा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो. बोलता-खोकताना उडालेले सूक्ष्म कण कोंदट खोलीत बराच वेळ तरंगतात; लक्षणे दिसण्याआधी दोनेक दिवसही माणूस इतरांना लागण करू शकतो. पेशींवरच्या एसीई-२ नावाच्या प्रथिनाला चिकटून विषाणू आत शिरतो, फुप्फुसात उतरला की न्यूमोनिया.

परवा पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात गेलो. कवडशात सुताची बारीक रुई तरंगत होती, खिडक्यांना खिळे ठोकलेले. हवा कोरडी झाली की धागा तुटतो म्हणे! निदान जेवणाच्या सुट्टीत तरी उघडता येतील एवढी सोय करा की.

– एक वाचक, सोलापूर