वाड्यावरचं कुळाचं घर

संपादक महोदय,
उत्खनन म्हटलं की लोकांना सोनंनाणंच आठवतं, पण इंग्लंडात यॉर्कशायरमधल्या व्हॅरम पर्सी या ओसाड गावाबद्दलही कधीतरी छापा ना. साधारण १५०० च्या सुमारास मेंढ्यांच्या कुरणांसाठी तिथली शेवटची माणसं हटवली गेली. इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांनी १९५० पासून तब्बल ४० वर्षं दर उन्हाळ्यात तिथे खोदलं, तेही हौशी लोकांना हाताशी धरून, आणि एका साध्या शेतकऱ्याच्या घराखाली खणता खणता चक्क १२व्या शतकातल्या जमीनदाराच्या वाड्याचं तळघर लागलं, पांढऱ्या खडूच्या दगडात बांधलेलं! मालकाचा वाडा गेला आणि त्याच जागेवर कुळाची चूल पेटली, मला तर हे कुठल्याही खजिन्यापेक्षा भारी वाटतं. रविवारच्या पुरवणीत यावर फोटोंसह एक मोठा लेख प्लीज द्याच.
– एक वाचक